पाटी पुन्हा हातात

गेल्या आषाढात, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, मी एका लेखनवर्गात नाव घातले. आमच्या भागातल्या वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी दुपारी तो भरतो. सुनेने परस्पर फी भरून टाकली होती, म्हणून गेले. एरवी जिना चढायचे कारणच नव्हते. एके काळी मी लिहीत असे. चार-दोन दिवाळी अंकांत नावही छापून आले होते. पण माझे पहिले वाचक घरातच होते, आणि ते गेल्यापासून सात वर्षांत वाण्याच्या यादीपलीकडे मी काही लिहिले नव्हते.

वर्ग घेणाऱ्या बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितले, "तुम्हाला लिहायला कोणी शिकवले, ते लिहा." पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ भराभर लिहू लागले. माझा कागद तासाच्या शेवटी कोराच. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेला, तेव्हा लाज झाकायला म्हटले, "पुढच्या शनिवारी मी रमाबाई रानड्यांविषयी लिहून आणीन." दुसऱ्याच्या आयुष्याआड लपणे ही इतिहासाच्या शिक्षकांची जुनीच खोड!

वाचकहो, रमाबाईंची कथा आपल्याला ठाऊक असते ती पाठ्यपुस्तकातल्या चार ओळींएवढी. १८७३ साली कुर्लेकरांची यमुना अकराच्या घरात असताना माधवराव रानड्यांशी तिचे लग्न झाले. वर एकतीस वर्षांचे, विद्वान, सरकारी न्यायाधीश. वधूला अक्षरओळखही नाही. माधवरावांनी तिला स्वतः शिकवायला सुरुवात केली. खरी परीक्षा पाटीवर नव्हती, ती माजघरात होती. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचले नाही. दिवसभर त्यांच्यात वावरायचे, टोमणे गिळायचे, आणि रात्री पुस्तक उघडायचे. पुढे हिराबागेतल्या सभेत रमाबाईंनी इंग्रजी निवेदन वाचून दाखवले, तेव्हाही घरी स्वागत झाले ते बोलण्यांनीच. एका अक्षरासाठी किती अपमान सोसावा, याचा हिशेब पुरुषांना मांडावा लागला नाही.

त्यांच्या आठवणींतला मला सर्वांत आवडणारा प्रसंग मात्र कलकत्त्याचा आहे. १८८६ साली सरकारच्या वित्तसमितीच्या कामासाठी माधवराव तिकडे गेले होते. दारावर बंगाली वर्तमानपत्र विकणारा आला आणि रमाबाईंनी त्याला परत पाठवले; भाषाच येत नव्हती, तर घेऊन करायचे काय? माधवरावांना ते खटकले. जिथे राहायचे तिथली भाषा येत नाही, हे सहज सांगून मोकळे व्हायचे, ही गोष्ट त्यांना शोभणारी वाटेना. त्यांनी बंगाली पुस्तके आणवली, आधी स्वतः शिकू लागले आणि मग पत्नीला शिकवू लागले. एके दिवशी रमाबाई पाहतात तो काय, न्यायमूर्ती न्हाव्यापुढे दाढीला बसले आहेत, हातात बंगाली पुस्तक आहे, आणि अडलेला शब्द त्या न्हाव्यालाच विचारताहेत! रमाबाईंनी त्यांची थट्टा करायची सोडली नाही. मला या चित्रात त्या दोघांच्या संसाराची सगळी गोडी दिसते. शिकवणारा स्वतः अडखळतो आणि ते लपवत नाही, तिथे शिकणाऱ्याची भीड आपोआप चेपते.

१६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव गेले. त्यानंतर वर्षभर रमाबाई घराबाहेर अशा पडल्याच नाहीत. पुढे लेखणी हातात आली तीही आधी पतीच्या शब्दांसाठी. माधवरावांची धर्मपर व्याख्याने त्यांनी प्रसिद्ध केली. स्वतःच्या शब्दांतले 'आमच्या आयुष्यातील कांही आठवणी' हे पुस्तक आले १९१० साली, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या प्रस्तावनेसह. मधली नऊ वर्षे मी पूर्वी वर्गात एका वाक्यात सांगून पुढे जात असे. यंदा त्या आकड्यापाशी थांबले. आणखी एक गोष्ट तेव्हाच ध्यानात आली. पुण्यात सेवासदन सुरू झाले ते १९०९ साली. म्हणजे प्रौढ बायकांना, त्यांतही विधवांना, पाटीपुढे बसवण्याची खटपट आणि आपल्या आठवणी छापखान्याकडे धाडणे, ही दोन्ही कामे रमाबाईंच्या हातून लागोपाठच्या वर्षांत झाली. त्या बायकांना पहिले अक्षर गिरवताना पाहून रमाबाईंना आपली लहानपणची पाटी आठवली असेल का? पुरावा मागाल तर माझ्याजवळ नाही. पण मला तसे वाटते खरे.

हे सगळे मी पुढच्या शनिवारी वाचून दाखवले. बाईंनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "काकू, छान आहे. पण मी विचारले होते, तुम्हाला कोणी शिकवले?"

मला राग आला. घरी येऊन ताटावरून तशीच उठले. रात्री साडेदहाला वही घेतली आणि ह्यांच्या तांबड्या पेन्सिलीविषयी लिहायला बसले. माझे प्रत्येक लिखाण ते त्या पेन्सिलीने तपासत. मजकुराला कधी हात लावत नसत, फक्त ऱ्हस्वदीर्घ सुधारत, आणि समासात एक बारीकशी बरोबरची खूण करत. दोन पाने झाली तेव्हा एक वाजून गेला होता. शेवटच्या परिच्छेदात 'पेन्सिल' लिहिताना 'सि' की 'सी' असे अडले. सात वर्षांत प्रथमच कपाटातला कोश काढला. त्यावरची धूळ पदराने पुसली, आणि पान उघडले तर आत ती पेन्सिल होती, बोटभर उरलेली.