‘शक्ती’: मैफलीतली आणि स्टुडिओतली

इंग्लंडचे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन आणि मुंबईचे तबलावादक झाकीर हुसेन यांनी सत्तरच्या दशकात उभारलेल्या ‘शक्ती’ या जॅझ फ्यूजन वाद्यवृंदाचा पहिला अल्बम थेट मैफलीचा होता. ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्क राज्यातील साउथॅम्प्टन महाविद्यालयात झालेले हे ध्वनिमुद्रण १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. एल. शंकर (व्हायोलिन) व टी. एच. विनायकराम (घटम) हे साथीदार. त्यातील एक रचना अर्ध्या तासाच्या घरात जाते. स्टुडिओत सिद्ध झालेल्या ‘नॅचरल एलिमेंट्स’मध्ये (१९७७) मात्र बहुतेक रचना सात मिनिटांच्या आत आटोपतात. त्यात नेटकेपणा आहे. पण सवाल-जवाबाला लागणारा अवकाश नाही.

‘वेदर रिपोर्ट’ या अमेरिकी वाद्यवृंदाने ‘आय सिंग द बॉडी इलेक्ट्रिक’मध्ये (१९७२) दोन्ही पद्धती एकत्र आणल्या होत्या. एका बाजूला स्टुडिओतील काम, तर दुसऱ्या बाजूला टोकियोतील मैफलीचे संपादित अंश. ‘शक्ती’ने या दोन वाटा वेगवेगळ्या अल्बममध्ये चोखाळल्या.

१९९७ मध्ये ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने पुनरुज्जीवन झाले. २००१ चा ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’ हा मुंबईतील मैफलीचा अल्बम. त्यात यू. श्रीनिवास यांचे मँडोलिन, शंकर महादेवन यांचे गायन आणि पंडित शिवकुमार शर्मा यांचे संतूर ऐकायला मिळते. श्रीनिवास २०१४ मध्ये, पंडितजी २०२२ मध्ये, तर झाकीरभाई १५ डिसेंबर २०२४ रोजी निवर्तले. या तिघांचा एकत्रित मेळ आता या ध्वनिमुद्रणातच उरला आहे. ‘शक्ती’च्या ‘दिस मोमेंट’ला (२०२३) २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तो अल्बम स्टुडिओतला होता.