मॉरिशसच्या उसात गेलेल्या बाया

दसरा आला, की आपल्याकडून उसाच्या टोळ्या निघतात, हे तुम्हाला सांगायला नको. आज आम्ही समुद्रापलीकडच्या ऊसतोडीची हकिकत सांगणार आहोत.

मॉरिशस हा हिंदी महासागरातला देश. आकाराने आपल्या जिल्ह्याच्या पाचव्या हिश्शाएवढा. तिथे मूळ रहिवासी कुणीच नव्हते. डच आले, त्यांनी ऊस आणला. मग फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करहून माणसं गुलाम करून आणली. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. १८३५ मध्ये गुलामी बंद झाली, पण मळ्यांना मजूर हवेच होते. ते हिंदुस्थानातून नेले.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढे १९२० पर्यंत जवळपास पाच लाख माणसं गेली. बहुतेक बिहारकडची, काही तमिळ, तेलुगू. मुंबई बंदरातून गेली ती आपली मराठी, त्यातही कोकणातली जास्त. करार पाच वर्षांचा, पुरुषाला महिना पाच रुपये. एक दिवस कामावर आलं नाही, तर दोन दिवसांची मजुरी कापायची. हे वाचलं आणि आमच्या तोंडून एकच शब्द निघाला: खाडा! दीडशे वर्षं झाली, हिशोबाची रीत काही बदलली नाही.

एवढ्यातून त्या लोकांनी घर उभं केलं. देवीचा गोंधळ राखला, कोकणातली जाखडी राखली. तिला तिकडे झाकरी म्हणतात. कॅस्कावेल गावी १८९६ पासून गणपती बसतो असं सांगतात. आज गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. घरात बोली क्रिओल, पण शाळेत मुलांना मराठी शिकता येते. देश स्वतंत्र झाला १२ मार्च १९६८ ला.

आम्हाला मात्र सगळ्यात मोठी वाटली ती नोंद. जहाजातून उतरलेल्या प्रत्येकाला नंबर मिळायचा, बाईलासुद्धा वेगळा. १८६० नंतरच्या काळात फोटोही काढू लागले. हे लोकांच्या भल्यासाठी नव्हतं, पळालेला मजूर पकडायला होतं. पण ती दप्तरं मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये राहिली, आणि आज नातवंडं-पतवंडं तिथे जाऊन आपल्या आजीचं नाव, बापाचं नाव, गाव शोधतात.

आपल्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्याच्या नावावर, अंगठा त्याचा. पहाटेपासून मोळ्या बांधणारी बाई कुठल्या कागदावर आहे?

म्हणून यंदा टोळी निघायच्या आधी गटाच्या वहीत लिहून घ्या: बाईचं स्वतःचं नाव, मुकादमाचं नाव, कारखाना, उचल किती आणि त्यात तिचा वाटा किती. वह्या पुढच्या बैठकीला सोबत आणा.