केडगावचं फाटक

किन्हवलीहून आसनगाव गाठायला आज एसटी आहे, वडाप आहे. तुम्हाला जायचंय १९०० सालात, तेव्हा बैलगाडीच धरा. भाताच्या खाचरांमधून हेलकावत रेल्वे गाठा, कल्याणला गाडी बदला. खंडाळ्याच्या घाटात इंजिन उलट्या टोकाला जोडतात, तेवढा खोळंबा सोसा. पुणं मागे पडतं तशी झाडं विरळ होतात. यवत गेलं की केडगाव. उतरा.

संवत १९५६चा, 'छपन्नचा' म्हणतात तो दुष्काळ चालू आहे. तुमच्याकडे पाऊस आठ दिवस लांबला तरी रोपांच्या काळजीने जीव खालीवर होतो. इथे विहिरींचे तळ दिसताहेत. स्टेशनातून पोरींचा तांडा निघालाय, गुजरातेतून आणलेल्या. केसांच्या जटा, सुजलेले पाय. त्यांच्या मागोमाग मुक्तिसदनाच्या फाटकात शिरा.

आधी आंघोळ, अंगावर धड लुगडं, मग पेज. तीही थोडी थोडी, कारण उपाशी पोटाला एकदम भरपेट सोसत नाही. हे इथल्या बाईंना कुणी शिकवावं लागलं नाही. पांढऱ्या सुती साडीतल्या, बारीक कापलेल्या केसांच्या त्या पंडिता रमाबाई. तरुणपणी दुष्काळात आई, वडील, बहीण अशी एकामागून एक माणसं त्यांनी गमावली, झाडपाला खाऊन दिवस काढले. कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलं. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात त्यांच्या शारदा सदन या मुलींच्या शाळेवर १८९३ साली वादळ उठलं. मुली बाटवतात, असा बोभाटा झाला आणि पालकांनी मुली काढून नेल्या. तो राग अगदीच निराधार नव्हता: रमाबाई प्रार्थनेला बसत तेव्हा दार उघडं असे आणि मुली आत येत. पण याच सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून बाया कर्वे झाल्या, हेही पुण्याने विसरू नये. १८९७च्या सुमारास मध्य प्रांतातल्या दुष्काळातून सुमारे ३०० मुली रमाबाईंनी आणल्या. आता हजाराच्या वर माणसं इथे केडगावात जेवतात.

एवढ्यांच्या पोटाला लागणारं नुसत्या प्रार्थनेवर येत नाही, हे तुम्हाला आवारात हिंडताना कळतं. शेती आहे, गोठा आहे, तेलाचा घाणा आहे, माग आहेत. प्रार्थनेवरून उठलेली बाई थेट मागावर बसते आणि इथे कुणाला त्यात विशेष वाटत नाही. परदेशातून पैसा येतो, मिशनरी बायकाही येतात. तरी मिशनने आखून दिलेल्या चौकटीत रमाबाई बसल्या नाहीत. वाँटेजच्या सिस्टरांशीही त्यांनी देवाधर्मावरून पत्रातून हुज्जत घातली होती. मला त्यांची ही बाजू फार आवडते.

आता वीस-एकवीस वर्षं पुढे सरका. १९२१ची अखेर, छापखाना. बायका खिळे जुळवताहेत, यंत्रावर कागद लावताहेत. रमाबाई सगळं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणताहेत, तेही जेमतेम शिकलेल्या बाईला एकटीने वाचता येईल असं. कानांनी कमी ऐकू येतं. मुलगी मनोरमा जुलैत गेली. शाळा तीच सांभाळायची, अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवायचं तिनेच मनावर घेतलं होतं. बाईंनी काम थांबवलेलं नाही. पुढच्या ५ एप्रिलला त्याही जातील आणि पूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडेल, हे तुम्हाला ठाऊक आहे, टेबलापाशी बसलेल्या बायकांना नाही.

कुठून आलात, जात कोणती, देव कोणता, हे कुणी विचारत नाही. वाचता येतं का, एवढंच विचारतात. येतं म्हटल्यावर ओल्या शाईचं प्रूफ तुमच्यापुढे सरकवलं जातं. एकीने मूळ मोठ्याने वाचायचं, दुसरीने चुकांवर खूण करायची. पेन्सिल घ्या, काना-मात्रा नीट बघा.