नेपल्समधली दुसरी कॉफी

आजची गोष्ट एका कॉफीची. सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

नेपल्समधली पहिली सकाळ. इटलीत ‘बार’ म्हणजे आधी कॉफीचं दुकान. आत शिरलो, ऐटीत खुर्चीवर बसलो, एस्प्रेसो मागवली. बिल आलं आणि डोळेच विस्फारले. काउंटरपाशी उभे असलेले लोक तीच कॉफी कितीतरी स्वस्तात पीत होते!

मला कुणी फसवलं नव्हतं. दोन्ही दर भिंतीवर लिहिलेले होते, मीच वाचले नव्हते. पण हे दोन दर आले कुठून?

१८८४ मध्ये तुरिनच्या अँजेलो मोरिओंदोने वाफेवर कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेराने एकेक कप झटपट काढणारं यंत्र आणलं. कामावर जाता जाता उभ्यानेच कॉफी पिणं सोपं झालं. पुढे १९११ च्या कायद्याने नगरपालिकांना गरजेच्या वस्तूंचे कमाल भाव ठरवायची मुभा मिळाली, आणि त्यात उभ्याने प्यायची कॉफीही आली. म्हणजे कॉफी ही चैन नाही, गरज!

दुसऱ्या दिवशी मी शहाणा झालो. गल्ल्यावर पैसे दिले, पावती काउंटरवर ठेवली. आधी पाण्याचा छोटा ग्लास आला, मग कॉफी. माझ्या पुढच्या आजोबांनी दोन कॉफींचे पैसे दिले, एकच प्यायली आणि निघाले. मी म्हटलं, “अहो, दुसरी राहिली!” काउंटरवाला हसला. म्हणाला, “सोस्पेसो.”

सोस्पेसो म्हणजे राखून ठेवलेली. ज्याच्या खिशात पैसे नाहीत, त्याने येऊन विचारायचं, “सोस्पेसो आहे का?” असेल तर त्याला तोच कप मिळतो, त्याच काउंटरवर. कुणी दिली, कुणी घेतली, एकमेकांना पत्ता नाही. नेपल्सची ही जुनी चाल.

पाव दिला तर पोट भरतं. पण इथे कॉफी देणं म्हणजे चार माणसांत उभं राहायला जागा देणं. दोन दरांमागचं ‘गरज’ मला तेव्हा कळलं.

शेवटच्या दिवशी मीही दोघांचे पैसे भरले. आणि खरं सांगतो, ती कॉफी कोण पितंय ते बघायला दाराशी रेंगाळलो. पाच मिनिटांनी माझीच मला लाज वाटली. बघायचं नाही, हेच तर त्या रिवाजाचं मर्म! मी निघालो.

तुम्ही न बघता निघाला असता का? जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!