टाचेतला खिळा

१९६८ साली जेरुसलेमच्या ईशान्येला बांधकाम चालू असताना काही जुनी थडगी उघडी पडली. एका दगडी अस्थिपेटीत एका तरुणाची हाडं होती. पेटीवर नाव कोरलेलं, येहोहानान. काळ पहिल्या शतकातला. त्याच्या उजव्या टाचेच्या हाडात साडेअकरा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा बाजूने आरपार गेलेला होता.

रोमनांनी हजारो माणसं क्रूसावर चढवली. इसवी सनपूर्व ७१मध्ये स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर कापुआ ते रोम या रस्त्यावर ६,००० जण टांगले गेले. जोसेफस हा इतिहासकार सांगतो की पुढे जेरुसलेम परिसरात व्हारस या सेनानीने एका झटक्यात २,००० जणांना चढवलं. आणि पुरावा म्हणून हाडं किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीसुद्धा नाहीत. कारण शिक्षा मरणापाशी संपत नसे. प्रेत तिथेच सडू द्यायचं, कावळ्याकुत्र्यांनी खायचं, येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघायचं.

पण ही शिक्षा सगळ्यांसाठी नव्हती, आणि मला खटकतं ते हेच. इसवी सनपूर्व ७०मध्ये सिसेरोने व्हेरेस या भ्रष्ट राज्यपालावर खटला चालवला, तेव्हा एका रोमन नागरिकाला क्रूसावर दिल्याबद्दल त्याने आकाशपाताळ एक केलं. त्याचा आक्षेप क्रूसावर नव्हता. नागरिकाला त्यावर चढवलं, यावर होता. गुलाम, बंडखोर, जिंकलेल्या मुलखातले गरीब यांच्यासाठी क्रूस होताच की!

त्यांचा खटलाही वेगळा. प्रांतातल्या बिगर-नागरिकाला ज्युरी मिळत नसे. आरोप ऐकणारा, चौकशी करणारा आणि निकाल देणारा राज्यपाल एकच. यहुदियात इ. स. २६ ते ३६ हे काम पाँटियस पायलटकडे होतं, मराठी बायबलातला पिलात तोच. (त्याचं नाव कोरलेला दगड १९६१मध्ये कैसरियात सापडला.) ‘यहुद्यांचा राजा’ हा येशूवरचा आरोप त्याच्या दृष्टीने धर्माचा नव्हता, सरळ राजद्रोहाचा होता. अशा माणसासाठी अपील वगैरे काही नाही. उलट पौल नागरिक होता, म्हणून त्याला थेट कैसराकडे दाद मागता आली, असं ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगतं.

साधारण इ. स. ११२मध्ये राज्यपाल प्लिनीने सम्राट ट्राजानला लिहिलेलं पत्र वाचताना तर अंगावर काटा येतो, कारण त्यात राग अजिबात नाही. ख्रिस्ती आहेस का, असं तो तीनदा विचारतो, शिक्षेची धमकी देतो. तरी हो म्हणाला, तर मृत्युदंड. नागरिक असेल तर रोमला रवानगी. एखाद्या प्रामाणिक कारकुनाचा अहवाल वाटावा!

येहोहानानचा गुन्हा काय होता, हे पेटीवर लिहिलेलं नाही. पण कोणीतरी त्याचं प्रेत मिळवलं. खिळ्याचं टोक वाकलेलं होतं, त्यामुळे तो निघाला नसणार. पुढे मांस गळून गेल्यावर घरच्यांनी रिवाजाप्रमाणे हाडं गोळा केली, आणि ते टाचेचं हाड खिळ्यासकट पेटीत ठेवलं.