दातातली खुंटी

दिवाळीचा फराळ आणि दात यांचे वैर जुनेच आहे. गेल्या दिवाळीत चकली खाताना काहीतरी कडकन मोडले. तो तुकडा चकलीचा नसून माझ्या दाताचा आहे, हे जिभेने मला सांगितले! त्या दाताचे रूट कॅनल पूर्वीच झाले होते. आता वरचा बराच भागही गेला. दंतवैद्यांना म्हटले, "डॉक्टर, आत चांगली पोलादी खुंटी ठोका, पुन्हा कटकट नको." ते हसून म्हणाले, "तुम्हांला खुंटी टिकवायची आहे की दात?"

या प्रश्नामागे जवळजवळ तीनशे वर्षांचा इतिहास आहे. पॅरिसच्या प्येर फोशार यांनी १७२८ साली दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. दात गेला तरी मूळ शाबूत असेल, तर त्याच्या नळीत सोन्याची किंवा चांदीची खुंटी बसवून वर कृत्रिम दात चढवावा, असे त्यांनी सांगितले. असे दात पंधरा-वीस वर्षेही टिकतात, असा त्यांचा अनुभव होता.

पुढे धातूऐवजी लाकडी खुंट्या आल्या. लाळेने लाकूड फुगते आणि खुंटी घट्ट बसते, हा त्यांचा गुण. पण आपले पाथरवट खडकाच्या भोकांत कोरड्या लाकडाच्या पाचरी ठोकून वर पाणी ओतीत, ते कशासाठी? खडक फोडण्यासाठीच ना! तोच न्याय दातालाही लागला. खुंटी राहिली आणि मूळ तडकले.

१८८०च्या सुमारास अमेरिकेत रिचमंड यांनी खुंटीच्या जोडीला मुळाच्या माथ्याभोवती सोन्याचे कडे घातले. बैलगाडीच्या चाकाला धाव असते, तसे ते मुळाला आवळून धरी. १९०७ साली शिकागोच्या विल्यम टॅगार्ट यांनी मेणाचा साचा वितळवून सोने ओतण्याची रीत दंतवैद्यकात रूढ केली. आपले ओतारी देवाच्या मूर्ती करतात, तीच ही युक्ती. खुंटी आणि तिच्यावरचा गाभा त्यामुळे एकसंध ओतता येऊ लागले.

खुंटी जितकी कठीण, तितका दात बळकट, हीच सर्वांची समजूत. पण पोलाद हे दाताच्या आतील द्रव्यापेक्षा, म्हणजे दंतिनापेक्षा, सुमारे दसपट ताठ असते. घास चावताना दात किंचित लवतो. पोलाद लवत नाही. सारा ताण खुंटीच्या टोकाशी एकवटतो आणि मूळ उभे चिरते. असा दात बहुधा काढावाच लागतो. शिवाय खुंटीसाठी नळी रुंद करताना दात आतून पोखरला जातो, तो तोटा वेगळाच.

यातून वाट निघाली ती चिकटवण्याच्या विद्येने. १९५५ साली मायकेल ब्युनोकोर यांनी दाताच्या कवचावर आम्ल लावून त्यावर राळ पक्की बसवून दाखवली. १९६२ साली राफाएल बोवेन यांच्या नव्या राळेला पेटंट मिळाले. तीत बारीक भुकटी मिसळून आजचे कॉम्पोझिट झाले. दाताच्या रंगाचा गाभा आता त्याचाच रचतात. १९९०च्या सुमारास फ्रान्समध्ये कार्बनच्या तंतूंची खुंटी निघाली. ती काळी दिसे, म्हणून मागाहून काचतंतूंची पांढरी खुंटी आली. दाताबरोबर ती थोडी लवते. फार ताण आला तर बहुधा तीच सुटते किंवा मोडते, मूळ वाचते आणि काम पुन्हा करता येते.

तरीही मुख्य गोष्ट निराळीच आहे. खुंटी दाताला बळ देत नाही, ती फक्त गाभ्याला आधार देते. खरे बळ उरलेल्या दाताचे. हिरडीच्या वर दीड-दोन मिलिमीटर जरी दात सभोवार शिल्लक असला आणि कॅपच्या कडेने त्याला नीट मिठी मारली, तर तो पुष्कळ टिकतो. रिचमंडच्या कड्यातले मर्म हेच होते.

माझ्या दातात सुदैवाने तेवढे शिल्लक होते. काचतंतूंची खुंटी बसली, कॉम्पोझिटचा गाभा झाला, वर कॅप चढली. यंदा चकली खाणार आहे. मात्र दुसऱ्या बाजूने आणि चहात बुडवून!