कथाबीज : एका वाक्याचा इतिहास

चित्रपटासाठीं कथा लिहिणारा नवा लेखक निर्मात्याच्या दारीं गेला, कीं त्यास बहुधा प्रथम हेंच सांगण्यांत येतें, कीं ‘तुमची कथा एका वाक्यांत सांगा.’ लेखक गडबडतो. वर्ष दोन वर्षें खपून जें शंभर-सव्वाशें पानांचें लिखाण त्यानें सिद्ध केलें, तें पंचवीस-तीस शब्दांत कोंबावयाचें, ही कल्पनाच त्यास अपमानकारक वाटते. या वाक्यास अमेरिकन चित्रपटव्यवसायांत ‘लॉगलाइन’ असें नांव आहे, व तेथून तो शब्द आपल्याकडेही आला आहे. घाईच्या युगानें व व्यापारी वृत्तीनें काढलेली ही एक टूम होय, अशी पुष्कळांची समजूत दिसते. आमच्या मतें ही समजूत अर्धी खरी व अर्धी खोटी आहे. आणि तिच्यांतील खऱ्याखोट्याची निवड केल्यावांचून हें वाक्य चांगलें कसें लिहावें, याचाही उलगडा होणार नाहीं.

प्रथम खोटा भाग घेऊं. कथा थोडक्यांत सांगण्याची कला बाजारानें निर्माण केलेली नाहीं. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत अॅरिस्टॉटलनें आपल्या काव्यशास्त्राच्या सतराव्या प्रकरणांत कवीस असा उपदेश केला आहे, कीं त्यानें आधीं कथेचा सामान्य आराखडा मांडावा, मग पात्रांस नांवें द्यावीं व त्यानंतर उपकथांनीं ती भरून काढावी. उदाहरणादाखल त्यानें होमरचें ‘ओडिसी’ हें महाकाव्य घेतलें आहे. चोवीस सर्ग व बारा हजारांवर ओळी यांचा विस्तार असलेल्या त्या काव्याचें सार त्यानें दोनतीन वाक्यांत उरकलें. एक मनुष्य अनेक वर्षें घरापासून दूर व एकाकी आहे. समुद्रदेवाचा त्याच्यावर डोळा आहे. इकडे घरीं त्याच्या पत्नीचे उमेदवार त्याची मालमत्ता खाऊन फस्त करीत आहेत व मुलाच्या जिवावर उठले आहेत. अखेर तो हालअपेष्टा सोशीत परततो, आपली ओळख देतो व शत्रूंचा नाश करून स्वतः वांचतो. बाकीचें सारें उपकथा, असा त्याचा अभिप्राय आहे. येथें नायकाचें नांव नाहीं. एकाक्ष राक्षस नाहीं. माणसांचीं डुकरें करणारी मायाविनीही नाहीं. म्हणजे ज्या प्रसंगांमुळें तें काव्य लहानथोरांच्या तोंडीं झालें, तेच नेमके गाळले आहेत. सार म्हणजे कथेंतील गोड गोड भागांची वेंचणी नव्हे, हें त्या तत्त्ववेत्त्यानें येथें दाखविलें.

आपल्याकडे हीच गोष्ट भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत निराळ्या शब्दांनीं सांगितली आहे. तेथें नाट्यवस्तूच्या पांच अर्थप्रकृति मानल्या आहेत. त्यांतील पहिली ‘बीज’. आरंभीं अल्प प्रमाणांत पेरलें जाऊन पुढें अनेक प्रकारें विस्तारतें व अखेर फलरूपास येतें, तें बीज. ही उपमा मोठी मार्मिक आहे. बीज म्हणजे झाडाचें लहान चित्र नव्हे. ज्यापासून झाड वाढतें, तें. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’चेंच पाहा. प्रस्तावनेंत सूत्रधार ग्रहणाची गोष्ट काढतो व चंद्रास ग्रासूं पाहणाऱ्या केतूचा उल्लेख करतो. तोंच पडद्यामागून चाणक्य खवळून उठतो, कीं मी असतांना चंद्रगुप्तास कोण ग्रासणार? श्लेषाच्या एवढ्याशा आधारावर सबंध नाटकाचा विरोध प्रेक्षकांपुढें उभा राहतो. त्या सात अंकांचें बीज आजच्या पद्धतीनें असें मांडतां येईल: ‘नंदवंशाचा उच्छेद करणाऱ्या चाणक्यास नंदांचा एकनिष्ठ अमात्य राक्षस मारावयाचा नसून चंद्रगुप्ताचा अमात्य करावयाचा आहे, परंतु ज्या स्वामिनिष्ठेसाठीं तो त्यास हवा आहे, तीच स्वामिनिष्ठा आड येते.’ येथें मनुष्य आहे, त्याची इच्छा आहे, अडथळाही आहे; आणि मुख्य म्हणजे इच्छा व अडथळा हीं एकाच मुळांतून निघालीं आहेत. उत्तम वाक्याचें मर्म आम्हांस येथेंच दिसतें.

आतां समजुतीचा खरा भाग. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं मुंबईस ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला, तेव्हां त्याची कथा कोणास सांगावी लागली नाहीं. ती घरोघर ठाऊक होती. नवल होतें तें हलत्या चित्रांचें. परंतु चित्रपटाचा धंदा वाढला, दर आठवड्यास नवें चित्र लागूं लागलें, आणि पुराण्या कथांचें भांडवल पुरेनासें झालें. अमेरिकेंतील मोठ्या चित्रसंस्थांनीं कादंबऱ्या, नाटकें व मासिकांतील गोष्टी वाचून त्यांचीं टिपणें करण्यासाठीं पगारी वाचकांचीं स्वतंत्र खातीं उघडलीं. मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेंत १९३० पासून सॅम्युएल मार्क्स हे असें खातें पाहत असत. आणि संस्थेचे प्रमुख लुई मेयर यांस वाचनाचा कंटाळा असल्यामुळें केट कॉरबली नांवाच्या बाई त्यांस कथा तोंडानें सांगत. ज्याच्या हातीं पैसा, त्यास वेळ नाहीं; म्हणून कथेच्या आधीं कथेचें वाक्य त्याच्यापुढें जाऊं लागलें.

या स्थित्यंतरांत वाक्याचा धनी बदलला. अॅरिस्टॉटलचें सार कवीसाठीं होतें, म्हणून त्यांत शेवट होता. कारण शेवट ठाऊक नसेल तर कवि बांधणार काय? लॉगलाइन गिऱ्हाइकासाठीं असते, म्हणून ती शेवटाच्या अलीकडे थांबते व ऐकणाराची उत्कंठा वाढविते. एक आराखडा आहे, दुसरें आमंत्रण आहे.

हा भेद न ओळखल्यामुळें आपल्याकडील लेखक एका विशिष्ट खड्ड्यांत पडतात: ते कथेऐवजीं विषय सांगतात. ‘बाला-जरठ विवाहाच्या दुष्ट रूढीवर प्रहार करणारी हृदयद्रावक कथा’ हें वाक्य घ्या. तें देवलांच्या १८९९ च्या ‘शारदा’ नाटकास लागू पडतें, आणि प्रभातच्या १९३७ च्या ‘कुंकू’ चित्रपटासही तितकेंच लागू पडतें. जें वाक्य दोन कृतींस सारखें बसतें, तें दोहोंपैकीं एकीचेंही नव्हे. ‘शारदें’त पैशाच्या लोभानें बाप मुलीचें लग्न म्हाताऱ्याशीं ठरवितो, व तें होतें कीं टळतें, हा प्रश्न आहे. ‘कुंकवां’त लग्न होऊन चुकलें आहे. ‘फसवून वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यांत बांधलेली तरुणी त्याच्याच घरांत राहून त्यास पति मानण्याचें नाकारते,’ एवढें म्हणतांच ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून घेतलेली ही कथा ‘शारदे’हून कोठें निराळी झाली, तें कळतें, आणि त्या घरांत उद्यां सकाळीं काय होईल, हें जाणण्याची इच्छा आपोआप उत्पन्न होते. ‘हृदयद्रावक’ हें विशेषण लेखकानें लावावयाचें नसून ऐकणाराच्या मनानें लावावयाचें असतें.

तथापि या वाक्यास न्यायाधीश करणें मात्र धोक्याचें आहे. ‘संत तुकाराम’ (१९३६) हा चित्रपट एका वाक्यांत सांगूं गेल्यास तो इतर कोणत्याही संतपटासारखाच वाटेल: भक्त, त्याचा मत्सरी शत्रु, आणि अखेर भक्तीचा विजय. पुढें १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत ज्याचा गौरव झाला, तें चित्र त्या वाक्यांत कोठेंच नाहीं. संसाराच्या ओढाताणीनें प्रत्यक्ष विठोबावरही संतापणारी गौरीबाईंची जिजाई आणि विष्णुपंत पागनिसांच्या मुद्रेवरील ती शांति कोणत्या पंचवीस शब्दांत मावणार? केवळ वाक्यावरूनच निवड करणाऱ्या निर्मात्यानें असें चित्र दारांतूनच परत पाठविलें असतें, आणि आपण काय गमावलें, हें त्यास कधीं कळलेंही नसतें.

म्हणून आमची नव्या लेखकांस सूचना इतकीच, कीं त्यांनीं हें वाक्य दोनदां लिहावें. पहिलें स्वतःसाठीं, कथा लिहावयास बसण्यापूर्वीं, शेवटासकट. तें जमत नसेल तर कथा अद्याप हातीं लागलेली नाहीं असें समजावें. दुसरें निर्मात्यासाठीं, लेखन पुरें झाल्यावर, शेवट राखून. पुष्कळ जण पहिलें लिहीतच नाहींत व दुसरें दाराशीं उभे राहून जुळवितात, म्हणून तें त्यांस अपमानासारखें वाटतें. ज्यानें बीज आधीं पेरलें आहे, त्यास तें ओळखून दाखविण्यांत कमीपणा वाटण्याचें कारण नाहीं.